लिव्हरचा अर्ज

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये लहानपणी मी समुद्रापेक्षा घंटेच्या दोरीकडेच जास्त बघायचो. सुकाणू सारंगाच्या हातात, इंजिन मात्र खाली ड्रायव्हरच्या ताब्यात. ड्रायव्हरला धक्का दिसत नाही, सारंगाला इंजिन दिसत नाही. सारंगाने दोरी ओढली की खाली घंटा वाजायची आणि ठोक्यांच्या हिशेबाने ड्रायव्हर इंजिन हळू करायचा, थांबवायचा, नाहीतर बोट उलटी घ्यायचा. रिमोट कंट्रोलच तो. फक्त दुसऱ्या टोकाला माणूस होता.

मग त्या माणसाच्या जागी केबल आली. सायकलच्या ब्रेकला असते ना, तिचीच थोरली बहीण. म्यानात सरकणारी पोलादी तार स्पीडबोटीपासून ट्रॅक्टरच्या हाताच्या रेसपर्यंत सगळीकडे गेली. खाऱ्या हवेत ती गंजते, वळणं वाढली की जड होते. पण ती हाताशी बोलते. अडली तर बोटांना कळतं, तुटली तर लिव्हर एकदम हलका लागतो.

विजेची पहिली पायरी अगदी साधी होती. इंजिनाच्या डिझेल पंपाच्या शेजारी छोटी मोटर बसवायची आणि केबलऐवजी तिच्यापर्यंत वायरी न्यायच्या. पंपाचा लिव्हर आता मोटर ओढणार. खरा बदल झाला तो इंजिनच इलेक्ट्रॉनिक झालं तेव्हा. आपल्याकडच्या ट्रकमध्ये तो मुख्यतः बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काळात रुळला; १ एप्रिल २०१७ पासून ते मानक देशभर लागू झालं.

आता पेडलपासून इंजिनपर्यंत काहीच ओढलं जात नाही. पेडल किती दाबलं ते त्याच्या बुडाचा सेन्सर व्होल्टेजच्या रूपात संगणकाला सांगतो. संगणक इंजिनाचे फेरे, हवा, तापमान बघतो आणि डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. म्हणजे पाय हुकूम देत नाही, अर्ज करतो. मंजुरी वरच्या साहेबाची.

अर्ज खोटा नाही ना, याची तपासणी मात्र मोठी हुशारीची आहे. सेन्सर एक नसतो, दोन असतात, आणि अनेक पेडलांत एकाचा व्होल्टेज मुद्दाम दुसऱ्याच्या निम्मा ठेवतात. दोघांचे आकडे सारखेच ठेवले असते, तर पाणी शिरून दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तरी साक्ष जुळलेलीच दिसली असती. निम्म्याचं गणित बिघडलं की संगणक पेडलवर विश्वास ठेवणं थांबवतो आणि गाडी रखडत रखडत गॅरेजपर्यंत जाईल एवढीच ताकद देतो.

आणि अर्ज एकाच खिडकीवर करायला हवा असंही नाही. बोअरवेलच्या गाडीवरचा माणूस छिद्राजवळ उभा असतो, अग्निशमन बंबावरचा पंपापाशी. दोघांनाही केबिनमध्ये न चढता इंजिनाची रेस वाढवायची असते. इलेक्ट्रॉनिक इंजिनाला त्यासाठी वायरीवरून एक संदेश पुरतो. ट्रकमध्ये हे निरोप बहुधा कॅन नावाच्या सामायिक वायरजोडीवरून जातात. बॉश कंपनीने ती पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असेल तरच मागचा अर्ज घ्यायचा, अशी अटही संगणकात घालता येते.

वायर तुटली तर काय, याचं उत्तर मात्र जमिनीवर आणि पाण्यात वेगळं आहे. ट्रकचं इंजिन मंद गतीवर येतं. कडेला घ्या आणि उतरा. जहाजाला कडा नसते. भरतीच्या ओढीत इंजिन मंदावणं हाच अपघात ठरू शकतो. म्हणून मोठ्या जहाजांसाठीचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार उलटं सांगतो: दूरनियंत्रण बिघडलं तर धोक्याचा इशारा वाजावा, आणि इंजिनाजवळून ताबा घेतला जाईपर्यंत शक्यतो आधीचाच वेग आणि दिशा टिकावी. मला हे कलम पहिल्यांदा वाचताना वेडेपणाचं वाटलं होतं.

त्याच करारात आणखी एक अट आहे. एका वेळी ताबा एकाच ठिकाणाहून असावा आणि तो कुठे आहे हे प्रत्येक ठिकाणी दिसावं. ती का, हे ९ जानेवारी २०१३ च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये दिसलं. ‘सीस्ट्रीक वॉल स्ट्रीट’ ही प्रवासी बोट ३३१ माणसं घेऊन मॅनहॅटनच्या धक्क्याला लागत होती. धक्का नीट दिसावा म्हणून कप्तानाने ऐनवेळी ताबा ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवण्याच्या खोलीच्या, मधल्या जागेवरून बाजूच्या लिव्हरवर घेतला. यंत्रणा तेव्हा बॅकअप मोडमध्ये होती आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. लिव्हर मागे ओढूनही बोट थांबेना. ती धक्क्यावर आदळली, ८० जण जखमी झाले, त्यांतले चौघे गंभीर. चौकशीत दोन गोष्टींवर बोट ठेवलं गेलं: ताबा बदलायला उशीर झाला, आणि कोणता मोड चालू आहे हे डोळ्यांना-कानांना ठळकपणे कळत नव्हतं.

केबल असती तर निदान हातात काहीतरी अडलं असतं. खाली ड्रायव्हर असता तर ठोके ऐकून तो ओरडला तरी असता. इथे लिव्हर गुळगुळीत मागे आला.

धक्का बराच लांब असतानाच, ज्या लिव्हरवरून बोट लावायची त्याच लिव्हरवरून एकदा उलट गती देऊन बघणं हा म्हणूनच दर्यावर्दींचा जुना रिवाज आहे. मागे पाणी उसळलं की अर्ज पोचला.