नोंदीपूर्वी रकान्याची मशागत

मशागतीवाचून बी टाकणारा शेतकरी विरळाच. नांगरट होते, कुळवाच्या पाळ्या पडतात, वाफसा येतो आणि मगच पाभर शेतात जाते. परंतु तोच शेतकरी, किंवा त्याच्या गावी काम करणारा ग्रामकार्यकर्ता, संगणकावर कोष्टक मांडावयास बसला म्हणजे कोणतीही पूर्वतयारी न करता भराभर आकडे टाकू लागतो. कोष्टक दिसावयास नीटनेटके होते, पण आत शिरलेली चूक नजरेस पडत नाही. ती उघडकीस येते तेव्हा कोणाचे तरी अनुदान अडकलेले असते. ही हानी टाळणे अवघड नाही. रकान्यात काय भरावयाचे आहे हे संगणकास आधी सांगितले, म्हणजे झाले.

घर आणि त्यातील माल

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी व उभे रकाने आखलेला कागदच होय. ओळ व रकाना जेथे मिळतात त्या घरास सेल म्हणतात. प्रत्येक घरात दोन गोष्टी असतात : एक, त्यात साठविलेली खरी किंमत, दुसरी, ती किंमत कशी दाखवावी याची सूचना. या सूचनेस फॉरमॅट असे नाव आहे. फॉरमॅट हा पोशाख आहे. पोशाख बदलल्याने माणूस बदलत नाही.

उदाहरणार्थ, दोन शेतकऱ्यांचे क्षेत्र प्रत्येकी ०.४० हेक्टर आहे आणि घराचा फॉरमॅट दशांशस्थळे न दाखविणारा आहे. पडद्यावर दोन्ही घरांत शून्य दिसेल आणि बेरजेत मात्र १ दिसेल. संगणक चुकला नाही. खरी बेरीज ०.८० आहे व ती पूर्णांकात दाखविली गेली, इतकेच. दोन दशांशस्थळे ठेवताच सर्व आकडे स्पष्ट होतात.

क्रमांक ही संख्या नव्हे

समजा, ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी गावातील चाळीस शेतकऱ्यांची यादी करावयाची आहे. एका शेतकऱ्याचा गट क्रमांक १२/३ आहे. कोऱ्या घरात तो टंकित करताच एक्सेल त्यास १२ मार्च ही तारीख समजतो. १४५/२ हा गट क्रमांक मात्र तसाच राहतो, कारण त्यातून तारीख होत नाही. एकाच रकान्यात काही नोंदी शुद्ध व काही बिघडलेल्या, त्यामुळे चूक सहसा लक्षात येत नाही.

मागाहून फॉरमॅट बदलून ही चूक सुधारत नाही. एक्सेल तारीख साठवितो ती १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या दिवसांच्या अनुक्रमांकाच्या रूपाने. म्हणून २०२६ साली केलेल्या अशा नोंदीस नंतर टेक्स्ट हा फॉरमॅट दिला, तर घरात १२/३ न दिसता ४६०९३ दिसेल. नोंद पुन्हाच करावी लागेल. शास्त्रज्ञांनाही हा त्रास झालेला आहे. काही मानवी जनुकांची लघुनावे महिन्यांच्या नावांसारखी असल्याने कोष्टकांत त्यांच्या तारखा होत. अखेर २०२० साली नामकरण समितीने अशा जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले.

बँक खात्याच्या क्रमांकाबाबत धोका अधिक आहे. क्रमांकाच्या आरंभीची शून्ये संगणक निरर्थक मानून गाळतो. तसेच एक्सेल संख्येचे केवळ १५ अंक जपतो. खातेक्रमांक १६ अंकी असल्यास शेवटच्या अंकाच्या जागी शून्य बसते. गेलेला अंक कोणत्याही फॉरमॅटने परत येत नाही. अनुदान थेट खात्यात जमा व्हावयाचे असताना एका अंकाची चूक त्या शेतकऱ्यास किती महाग पडेल, हे सांगणे नकोच.

यावर उपाय सोपा आहे. रकान्याच्या शिरोभागी टिचकी देऊन संपूर्ण रकाना निवडावा. कंट्रोल व १ या कळा एकत्र दाबाव्या. उघडलेल्या चौकटीतील नंबर या विभागात टेक्स्ट निवडावे आणि त्यानंतरच क्रमांक भरावे. घराच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसल्यास घाबरू नये, व तेथे सुचविलेले 'कन्व्हर्ट टू नंबर' मुळीच स्वीकारू नये. ज्या आकड्यांची बेरीज करावयाची नसते, ते सर्व टेक्स्ट, हा नियम ध्यानात ठेवावा.

तारीख, क्षेत्र व रक्कम

०५/०६ ही पेरणीची तारीख भारतीय पद्धतीने ५ जून होते, तर अमेरिकन पद्धतीने ६ मे. संगणकाची प्रादेशिक मांडणी भारताची आहे याची खात्री करून घ्यावी आणि महिना अक्षरांत दाखविणारा फॉरमॅट निवडावा, म्हणजे संशय राहत नाही. तीच मांडणी असता रक्कमही १,२५,००० अशी आपल्या परिचयाच्या स्वल्पविरामांनी दिसते.

क्षेत्राच्या रकान्यास नेहमी दोन दशांशस्थळे द्यावी. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, परंतु घाईत अनेकजण १.५ लिहितात. दोन दशांशस्थळे असली की तेथे १.५० दिसते आणि ५ आरांचे ५० आर झाल्याचे तत्काळ ध्यानात येते.

उत्पादन लिहिताना '१२ क्विंटल' असे घरात लिहू नये. अक्षरे आली की ती नोंद शब्द ठरते व बेरजेतून कोणतीही सूचना न देता वगळली जाते. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहावे आणि घरात केवळ १२ हा आकडा ठेवावा.

दृष्टिक्षेपात तपासणी

कोष्टकावर आरंभीच मध्यरेखन व रंगरंगोटी करू नये, कारण मूळ स्थितीत संगणक स्वतःच खूण देत असतो : शब्द घराच्या डाव्या कडेस लागतात, संख्या व तारखा उजव्या कडेस. उत्पादनाच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे गेला असेल, तर तो बेरजेत धरला जात नाही असे समजावे. गट क्रमांक उजवीकडे गेला असेल, तर त्याची तारीख झाली असावी. घरात ##### अशा खुणा आल्या, तर बहुधा रकाना अरुंद आहे एवढेच. तो रुंद करावा.

सर्व चाळीस नावे भरण्यापूर्वी दोन ओळी भरून पाहाव्या व त्या सातबारा आणि बँकेचे पासबुक यांच्याशी ताडून घ्याव्या. या कामास पाच-दहा मिनिटे पुरतात. मशागतीस लागलेला वेळ पीक भरून देते, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. तीच रीत त्याने व त्याच्या ग्रामकार्यकर्त्याने कोष्टकातही पाळावी.