जोर आणि दम : चाळिशीनंतर दोन्ही कसे सांभाळावेत?

२२ जुलै २०२१ ही तारीख महाडकरांना वेगळी सांगावी लागत नाही. आदल्या रात्रीपासून पाणी चढत होते. आम्ही तळमजल्यावर राहणारे. तांदळाची पोती, गॅसचा सिलिंडर, अम्मीची शिलाई मशीन, मुलांची पुस्तके असे सगळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे न्यायचे होते. मला त्याची चिंता वाटली नाही. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, वीस वर्षांपासून जिमला जात होतो आणि बेंच प्रेसला ८० किलो उचलत होतो.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभा राहिलो. हातात ताकद होती, पण छाती भात्यासारखी चालत होती आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अब्बांचे गुडघे अधू असल्याने त्यांना उचलूनच वर न्यावे लागणार होते. ते काम शेवटी वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केले. अंगाने किडकिडीत मुलगा. जिमची पायरी कधी चढलेला नाही. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतून रोज चालत शाळेला येणारा. त्याने अब्बांना पाठुंगळी घेतले आणि न थांबता वर नेले.

घरातला चिखल काढून झाल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब वाढलेला निघाला. ‘वजने उचलता ते चांगलेच आहे, पण चालता किती?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरून मोटारसायकलने शाळेत, शाळेतून घरी आणि संध्याकाळी मोटारसायकलनेच जिमला, असा माझा दिनक्रम होता.

दोन वेगळ्या गोष्टी

आपल्या भाषेत याला दोन नेमके शब्द आहेत, जोर आणि दम. जोर स्नायूंचा असतो, दम हृदयाचा आणि फुप्फुसांचा. एक वाढला म्हणून दुसरा आपोआप वाढत नाही. तरुणपणी ही उणीव झाकली जाते, चाळिशीनंतर ती उघडी पडते.

तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांत स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. म्हणून वजने सोडून नुसते चालायला लागणे हा उपाय नाही. दुसरीकडे, नुसती वजने उचलून चालणे टाळले तर दम घटतो, पोट सुटते, साखर आणि रक्तदाब वाढतो. आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर गेल्याचा अंदाज २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून पुढे आला. आखातात वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून परतलेली किती माणसे आपल्या मोहल्ल्यात साखरेच्या गोळ्या घेतात, ते पाहिले तरी या आकड्याचा अर्थ कळतो.

जुन्या तालमीत ही फारकत नव्हती. शेकड्यांनी जोर आणि बैठका मारायच्या, फावड्याने आखाड्याची माती उकरायची, मग लढत करायची. त्यात ताकद आणि दम दोन्ही घडत. गामा पैलवान १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी अडीच तासांहून अधिक लढले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला त्यांनी त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा गामा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. आपल्या महाराष्ट्रातही बोरामणीच्या शेख घराण्यातल्या तीन भावांनी, इस्माईल यांनी १९८०, आप्पालाल यांनी १९९२ आणि मुन्नालाल यांनी २००२ साली, महाराष्ट्र केसरीची गदा घरी आणली. अशी माणसे घडवणाऱ्या तालमीत दमाला जोराइतकाच मान होता. आजच्या जिममध्ये तो राहिलेला नाही.

दोन्हींची घाई नको

डॉक्टरांचे ऐकून मी दुसरे टोक गाठले. जिम चालूच ठेवली आणि रोज पहाटे धावू लागलो. दोन महिन्यांत गुडघा दुखू लागला, झोप बिघडली आणि उचलायचे वजनही घटले. नंतर वाचताना कळले की यावर जुना अभ्यास आहे. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये तीन गटांवरचा दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त धावणे आणि सायकल, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण प्रमाणात. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्याइतकाच वाढला, पण ताकद सातव्या आठवड्यानंतर अडली आणि शेवटी घटली. प्रमाण माफक ठेवले तर मात्र दोन्ही एकत्र चांगले नांदतात, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले.

आपल्या दीनची शिकवणही मध्यममार्गाचीच आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवत आणि रात्र रात्र इबादत करत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावले की तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे आणि पत्नीचाही आहे. इबादतीतही जिथे अतिरेक मान्य नाही, तिथे व्यायामाच्या अतिरेकाचे समर्थन कसे करणार?

आठवड्याची घडी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेले प्रमाण सोपे आहे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मी त्याची घडी अशी बसवली आहे :

सोमवार आणि गुरुवार ताकदीचे. बैठक, ढकलणे, ओढणे आणि जमिनीवरून वजन उचलणे असे चारच प्रकार, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. आणखी दोनदा उचलता येईल असे वाटत असतानाच थांबायचे. श्वास कोंडायचा नाही, कारण श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. दर चौथ्या आठवड्याला वजन कमी करायचे. चाळिशीनंतर स्नायू लवकर सावरतात, पण सांधे आणि स्नायूबंध यांना वेळ लागतो.

मंगळवार, शनिवार आणि रविवार दमाचे. फजरनंतर पन्नास मिनिटे झपाझप चालणे. बोलता यावे पण गुणगुणता येऊ नये, एवढा वेग पुरे. रविवारी वाडीच्या चढावर जातो. घाटाच्या मुख्य रस्त्यावर वाहने असतात आणि पावसात दरड पडते, तिकडे फिरकू नये. पावसाळ्यात जिना आहेच. चढताना दम वाढतो, उतरताना गुडघ्यांवर भार येतो, म्हणून कठडा धरून सावकाश उतरावे. रायगडाच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या एकदा न थांबता चढायचा माझा इरादा आहे, इन्शाअल्लाह.

बुधवार आणि शुक्रवार विश्रांतीचे. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी करावे लागले तर आधी वजने, मग चालणे.

रमजानमध्ये नवे वजन गाठायला जाऊ नये. आठवड्यातून एक-दोनदा तरावीहनंतर हलका व्यायाम आणि इफ्तारच्या आधी थोडे चालणे पुरते. कमावलेली ताकद थोड्या सरावानेही बऱ्यापैकी टिकते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

खाण्याचेही सांगतो. शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत, वजने उचलणाऱ्याला थोडी अधिक. बांगडा, सुकट, अंडी, डाळ, दही यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. जिममध्ये कुणी इंजेक्शन पुढे केले तर तिथून उठून यावे. आणि इशानंतर मोबाईल बाजूला ठेवून झोपावे. स्नायू भरून येण्याचे मोठे काम झोपेतच होते.

हे घरातल्या सगळ्यांसाठी

हा विषय फक्त पुरुषांचा नाही. पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि ताकदीचा व्यायाम त्यांना आधार देतो. त्यासाठी जिमची गरज नाही. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हे बंद खोलीतही होते. प्रेषित (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी शर्यत लावली होती. आधी आयशा (रजि.) जिंकल्या आणि काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, प्रेषित (स.) जिंकले व त्यांनी हसून मागच्या हरण्याची फेड झाल्याचे सांगितले. मदिनेतल्या त्या दिवसांत त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते.

वय झाले, आता काय उपयोग, असेही कुणी म्हणू नये. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. मात्र चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्याने आधी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा भोवळ आली तर लगेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

मी आता बेंच प्रेसला ६५ किलोच उचलतो. सुरुवातीला जिममधल्या पोरांसमोर लाज वाटायची. रक्तदाब आटोक्यात आहे, गुडघा दुखत नाही. गेल्या महिन्यात वीज गेलेली असताना अब्बांना शेजाऱ्यांकडे लग्नाच्या बोलणीसाठी वर जायचे होते. मी त्यांना पाठुंगळी घेतले आणि वळणावर न थांबता वर नेले. वर पोहोचल्यावर ते म्हणाले, ‘या वेळी कठडा धरला नाहीस.’ त्या रात्रीचे त्यांच्या लक्षात होते, हे मला तेव्हा कळले.