रणगाड्याचे मॉडेल अचूक कसे करावे? एका प्रकल्पातून शिकलेले गुणोत्तर



प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या मालाडच्या शाळेत थर्माकोलचे किल्ले, पुठ्ठ्याचे बंगले आणि जळगाव-भुसावळपर्यंत जाणाऱ्या आगगाड्या येतात. मुलं मेहनत घेतात, आपण कौतुक करतो आणि कार्डावर 'प्रमाण १:५०' असं लिहिलेलं असेल तर ते खरंच आहे का, हे तपासायला कोणी पट्टी काढत नाही. मीही काढत नव्हतो. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलामुळे ती काढावी लागली. त्यातून काय शिकलो ते इथे मांडतो.

या मुलाला मामाने वाढदिवसाला रणगाड्याचा प्लॅस्टिकचा कीट दिला होता. त्याने तो जोडला, हिरवा रंग दिला, बुरुजावर तिरंगा काढला आणि कार्ड लिहिलं: 'सेंच्युरियन रणगाडा, पुणे हॉर्स, फिलोरा, १९६५. प्रमाण १:३५.' मी बघितलं, 'छान झालंय' म्हणालो आणि यादीत नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. त्याचे आजोबा मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होते. ६५ साली त्यांनी सेंच्युरियनवर काम केलेलं. नातवाचं मॉडेल हातात घेऊन ते म्हणाले, "बाळा, रंगकाम झ्याक केलंयस. पर ही तोफ आपली न्हाई. तवा आपल्याकडं वीस पौंडी होती."

खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला, तर आजोबा बरोबर होते. कीट सेंच्युरियनचाच, पण नंतरच्या काळातल्या, १०५ मिलिमीटरची तोफ बसवलेल्या आवृत्तीचा होता.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. मुलाची आई म्हणाली, "सर, नववीचं वर्ष आहे. एवढं कोण बघतंय? परीक्षकांना काय कळणार?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. मी मुलाला दोन वाटा सांगितल्या. कार्ड बदल, किंवा रणगाडा बदल. तो म्हणाला, "सर, कार्ड बदललं तर आजोबांचा रणगाडा राहिलाच कुठे?" मग आम्ही दुसरी वाट धरली.

१. आधी ठरवा: कोणता, कोणाचा, कधीचा

'सेंच्युरियन' हे एका रणगाड्याचं नाव नाही, एका कुटुंबाचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे पहिले नमुने तयार झाले. सुरुवातीला १७ पौंडी तोफ होती, पुढे २० पौंडी आली आणि त्यानंतर १०५ मिमीची. सांगाडा तोच, पण तोफ, इंजिनावरचं झाकण, पेट्या, दिवे बदलत गेले. म्हणून 'सेंच्युरियन बरोबर झाला का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'भारताचा १९६५ चा सेंच्युरियन बरोबर झाला का?' याला उत्तर आहे.

मुलाने १९६५ निवडलं त्याला कारणही होतं. फिलोराच्या लढाईत पुणे हॉर्सचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांच्याकडे होतं. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी आपल्या मुंबईतच झाला. ११ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर फिलोरावर हल्ला झाला, त्यात ते जखमी झाले. तरी मागे जायला त्यांनी नकार दिला. १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा आदळला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले, असं त्या मानपत्रात नोंदलेलं आहे. पुढे १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटच्या, पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वयाच्या २१ व्या वर्षी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तेही सेंच्युरियनमध्येच लढले.

हे वाचल्यावर 'कोण बघतंय' हा प्रश्न आम्हाला थोडा हलकट वाटायला लागला.

२. मोजा, भागा, तुलना करा

नववीच्या गणित भाग १ मध्ये 'गुणोत्तर व प्रमाण' आहेच. इथे ते हातात येतं. खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ३५ ने भागायचं.

- रुंदी (बाजूच्या पत्र्यांसह) ३.३९ मीटर: मॉडेलमध्ये ९६.९ मिमी
- उंची सुमारे ३.०१ मीटर: मॉडेलमध्ये ८६ मिमी
- तोफ सोडून लांबी सुमारे ७.६ मीटर: मॉडेलमध्ये २१७ मिमी
- २० पौंडी तोफेच्या नळीचा आतला व्यास सुमारे ८४ मिमी: मॉडेलमध्ये २.४ मिमी
- १०५ मिमीच्या तोफेचा: मॉडेलमध्ये ३ मिमी

मुलाने रुंदी मोजली, ९८.५ मिमी आली. म्हणजे १.६ मिमी जास्त. ऐकायला किरकोळ, पण ३५ ने गुणा: खऱ्या रणगाड्यावर ५६ मिमी, जवळजवळ चार बोटं. शेकडा चूक काढली तर साधारण १.७. उंची मात्र त्याला ९० मिमी मिळाली आणि तो घाबरला. नीट पाहिलं तर त्याने बुरुजावरच्या मशीनगनच्या टोकापर्यंत मोजलं होतं. मशीनगन सोडून मोजल्यावर ८५.५ आली. मॉडेल ठीक होतं, मोजणी चुकली होती. मापन करताना 'कुठून कुठपर्यंत' हे दोन्हीकडे एकच हवं, हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं झालं नसतं.

साध्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच. १:३५ मध्ये तो अर्धा मिलिमीटर म्हणजे साडेसतरा मिमी. म्हणून प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर द्या. मुलांना तो पहिल्यांदाच कशासाठी तरी लागतो.

छायाचित्रावरून माप काढायचं असेल तर लांबून, बरोबर बाजूने काढलेलं छायाचित्र घ्या. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान दिसतं, आणि गुणोत्तर फसवतं. अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सहल तिकडे जाणार असेल तर मुलांना फक्त सेल्फी काढू देऊ नका. किती चाकं, किती दिवे, पेट्या कुठे, हे वहीत उतरवायला सांगा.

३. हे ३५ आलं कुठून?

मुलांना वाटतं की १:३५ मागे काहीतरी गणिती कारण असणार. तसं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी कंपनीने पँथर या जर्मन रणगाड्याचा चालणारा कीट काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठरवला, नंतर मोजलं तेव्हा तो साधारण ३५ पट लहान निघाला. पुढे सगळ्यांनी तेच प्रमाण उचललं. मोटर बसवण्याच्या सोयीमुळे जुन्या काळातल्या कीटमध्ये पोट थोडं फुगवलेलं असे. म्हणून खोक्यावरचा आकडा हा दावा समजावा, पुरावा नव्हे.

४. जाडीची चूक: सगळ्यात जास्त दिसणारी

प्लॅस्टिक साच्यात ओतायचं तर ते फार पातळ करता येत नाही. मॉडेलचा मडगार्ड १ मिमी जाड होता. ३५ ने गुणा: साडेतीन सेंटिमीटर जाडीचा मडगार्ड! खऱ्या मडगार्डचा पत्रा ३ मिमीचा धरला तरी मॉडेलमध्ये तो ०.१ मिमीपेक्षा कमी हवा. यावर सोपा उपाय म्हणजे कोल्ड्रिंकचा रिकामा डबा. त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. जुना मडगार्ड कापडावर ठेवून त्याच्या कडेने आकार काढला, कात्रीने पत्रा कापला, पट्टीवर दाबून दुमडला. एका कोपऱ्यात मुद्दाम थोडा वाकवला, कारण शेतातून जाणाऱ्या रणगाड्याचे मडगार्ड सरळ राहत नाहीत. (पत्र्याची धार हात कापते. हे काम मोठ्यांच्या समोर आणि जाड हातमोजे घालूनच.)

५. तोफ

आता मुख्य काम. ३ मिमीच्या जागी २.४ मिमीचं भोक आणि त्या मानाने सडपातळ नळी हवी होती. विकत मिळेल का म्हणून शोधण्याइतका वेळ नव्हता. आईच्या विणकामाच्या सुयांमध्ये एक २.५ मिमीची निघाली. तिच्यावर बाँड पेपर घट्ट गुंडाळला. कागद आयताकृती न कापता एका बाजूने तिरका कापला, म्हणजे गुंडाळी बुरुजाकडे जाड आणि टोकाकडे निमुळती होते. प्रत्येक फेऱ्याला पातळ केलेला फेव्हिकोल लावला. सुईला आधी मेणबत्तीचं मेण चोळलं होतं, त्यामुळे ती वाळल्यावर सुटली. मग बारीक पॉलिश पेपर, पुन्हा फेव्हिकोल, पुन्हा पॉलिश पेपर.

पहिली नळी वाकडी झाली. दुसरी सुईला चिकटली. तिसरी जमली. भोक २.५ मिमी, म्हणजे खऱ्या मापात ८७.५ मिमी. शेकडा चूक साधारण ४. आधीच्या तोफेत ती २५ होती. नळीच्या मधला, धूर खेचून घेणारा फुगीर भाग २० पौंडी तोफेच्या सुरुवातीच्या प्रकारात नव्हता, नंतरच्या प्रकारात आला. कोणता करायचा, हे आजोबांना आणि जुन्या छायाचित्रांना विचारून ठरवलं.

६. पृष्ठभाग आणि रंग

सेंच्युरियनचा बुरुज मुख्यतः ओतीव पोलादाचा, तर खालचा सांगाडा सपाट पत्रे जोडून वेल्डिंग केलेला. म्हणजे बुरुज किंचित खडबडीत आणि सांगाडा गुळगुळीत हवा. कीटमध्ये दोन्ही सारखेच चकचकीत होते. बुरुजावर पातळ पुट्टी लावून ती ओली असताना जुन्या टूथब्रशने टिपली आणि वाळल्यावर हलकं घासलं. अति करू नका. अर्धा मिलिमीटरचा खवला म्हणजे खऱ्यावर पावणेदोन सेंटिमीटरचा फोड.

रंगातही मुलांचा हात गंजाकडे जातो. आजोबा म्हणाले, "गंज चढू दिला असता तर साहेबांनी आम्हाला सोडलं असतं व्हय?" वापरातल्या रणगाड्यावर धूळ असते, चिखल असतो, तेलाचे डाग असतात. गंज भंगारात. खालच्या भागावर मातकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवला, तेवढं पुरलं.

७. वजनाचा प्रश्न

हा भाग वर्गात जरूर घ्या. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टनांचा. मॉडेल त्याच धातूचं, तसंच भरीव केलं तर वजन किती? पहिलं उत्तर आलं, "५१,००० भागिले ३५, म्हणजे १,४५७ किलो." सगळे हसले, कारण तो टेबलावर होता. लांबी ३५ पट कमी, रुंदी ३५ पट कमी, उंचीही ३५ पट कमी. म्हणजे आकारमान ३५ × ३५ × ३५ = ४२,८७५ पट कमी. ५१,००० भागिले ४२,८७५, म्हणजे जवळजवळ १.२ किलो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मॉडेल ३१० ग्रॅम भरलं. दहावीच्या समरूपतेत क्षेत्रफळाला वर्ग का लागतो, हे समजायलाही याच चालीने मदत होते.

शेवटी कार्ड

सगळं दुरुस्त झालं नाही. रुंदीतली १.६ मिमीची चूक काढायची तर सांगाडा कापावा लागला असता. ओळखक्रमांकांची खात्री करता आली नाही, म्हणून ते रंगवलेच नाहीत. मुलाने नवीन कार्डावर दोन रकाने केले: 'काय तपासलं आणि बदललं' आणि 'काय अजून चुकीचं आहे'. दुसरा रकाना लिहावा की नाही, यावर घरात वाद झाला म्हणे. आईला वाटलं, गुण जातील. मुलाने तो ठेवला.

परीक्षकांनी त्याला त्या दुसऱ्या रकान्यावरच दहा मिनिटं प्रश्न विचारले. बक्षीस दुसऱ्याच प्रकल्पाला मिळालं. आजोबा संध्याकाळी नातवाचा हात धरून आले, चष्मा कपाळावर सरकवून तोफेच्या तोंडाशी वाकले आणि "हां, आता वीस पौंडी" एवढंच म्हणाले.

शिक्षकांना एक विनंती. यंदा कोणतंही मॉडेल आलं, किल्ला असो, पूल असो की हृदय, कार्डावर हे दोन रकाने सक्तीचे करा आणि प्रमाण लिहिलं असेल तर तीन मापं मोजून दाखवायला सांगा. पालकांना दुसरी विनंती. मूल आठ दिवस एका नळीवर घालवत असेल तर 'कोण बघतंय' म्हणू नका. ते म्हणणाऱ्यांत मीही होतो.