वाशिममध्ये समुद्राचा खेकडा

समुद्र वाशिमपासून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब आहे. पैनगंगा, अडाण किंवा काटेपूर्णेच्या पात्रात दगड उलटला की जो खेकडा तिरका पळतो, तो गोड्या पाण्यातला. समुद्री खेकडा वेगळा. मोठ्या शहरांतील मत्स्यालयाच्या दुकानांत पाठीवर शंख घेऊन फिरणारा हर्मिट क्रॅब किंवा शेवाळ खाणारा हिरवा एमराल्ड क्रॅब विकायला असतो. पाण्याच्या पिशवीतून तो एका रात्रीत वाशिमला पोहोचू शकतो. खरा प्रश्न तो पोहोचल्यानंतर सुरू होतो. कारण घरात खेकडा पाळणे म्हणजे आधी समुद्राचे पाणी पाळणे.

खारट पाणी म्हणजे समुद्र नव्हे

पाण्यात मीठ टाकले की झाला समुद्र, हा पहिला गैरसमज. तो दूर करायला वाशिमकरांना कोकणात जाण्याची गरज नाही. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे आहे, पण त्यात मासे नाहीत. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ असतो, तर लोणारचा १० च्या आसपास जातो. सामूच्या मोजपट्टीवर दोन अंकांचा फरक म्हणजे अल्कता सुमारे शंभरपट. अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणीही खारे असते, मात्र त्यातील क्षारांची जुळणी समुद्राची नसते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड आणि सोडियम मिळून सुमारे ८५ टक्के होतात. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम येतात. खेकड्याचे कवच, स्नायू आणि कल्ले यांचे काम या उरलेल्या भागावर अवलंबून असते. समुद्रापासून दूर राहून समुद्री जीव पाळण्याची खटपट जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाने साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून घरच्या घरी समुद्राचे पाणी तयार करून पाहिले. आज मत्स्यालयासाठी मिळणारे तयार ‘सी सॉल्ट’ हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप आहे. १०० लिटरच्या टाकीला ते साडेतीन ते चार किलो लागते.

मीठ ज्या पाण्यात विरघळवायचे, ते मात्र शुद्ध हवे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आधीच भरपूर असते आणि विदर्भात काही भागांत नायट्रेटही. घरच्या आरओ यंत्राचे पाणी थेट वापरण्यापूर्वी टीडीएस मीटरने तपासावे. चवीसाठी अनेक यंत्रे थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळतात. पिण्यासाठी ते ठीक, पण टाकीसाठी टीडीएस १० च्या खाली असलेले बरे. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. जिभेचा किंवा चमच्याचा अंदाज इथे चालत नाही.

युरिया आणि टाकी यांचे नाते

खेकडा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो क्षणात पातळ होतो, काचेच्या टाकीत तो साचतो आणि त्याच खेकड्याला विषारी ठरतो. यावरचा उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. शेतात टाकलेल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. मातीतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकीतील दगड, वाळू आणि फिल्टरवरही याच कामाच्या जिवाणूंची वस्ती बसते. ती बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी खेकडा सोडला तर तो बहुधा काही दिवसांत मरतो आणि दोष मात्र ‘कमजोर माला’ला दिला जातो. अमोनिया आणि नायट्राइट चाचणी संचावर शून्य दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजावे.

खरी परीक्षा मे महिन्यात

अशा खेकड्यांसाठी २४ ते २७ अंश तापमान योग्य मानले जाते. वाशिमच्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो आणि घरातले पाणीही तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खारट पाण्यात तर मुळातच कमी असतो. २५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच वेळी उष्णतेमुळे खेकड्याची प्राणवायूची गरज वाढलेली असते. दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर संकट काही तासांत ओढवते. त्यामुळे इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हा इथे चैनीचा भाग नाही.

थंडाव्यासाठी चिलर मिळतो, पण तो महाग असतो. विदर्भाची कोरडी हवा मात्र एक मदत करते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवला की पाण्याचे तापमान काही अंशांनी उतरते. या उपायाची किंमत बाष्पीभवनात मोजावी लागते. कूलरच्या पॅडवर जमणारा पांढरा थर सर्वांनी पाहिलेला असतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. टाकीतही तेच होते. १०० लिटरमधले १० लिटर पाणी उडाले, तर लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारांचे जवळपास ३९ ग्रॅम होतात. म्हणून कमी झालेल्या पाण्याची भर रोज घालायची आणि ती साध्या आरओ पाण्याची. बहुतेक समुद्री खेकड्यांच्या शरीरातील द्रवाची क्षारता बाहेरच्या पाण्याइतकीच असते. ती अचानक बदलली, तर त्यांच्या पेशींतील पाण्याचा समतोल बिघडतो.

तांबे आणि फवारणी

मोरचूद बुरशीला मारते, हे बागायतदाराला माहीत असते. तेच तांबे माशांच्या ‘पांढरे ठिपके’ रोगावरील अनेक औषधांत असते. मासा त्या औषधाने बरा होईल, पण त्याच टाकीतला खेकडा मरेल. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्यावरच चालते, तरीही पाण्यात विरघळलेले जादा तांबे त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही. टाकीचे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. कीटकनाशकांचेही तसेच आहे. खेकडे हे कीटकांचे दूरचे नातलग. डास मारण्याच्या फवाऱ्यातील पायरेथ्रॉइड गटातील रसायने त्यांना अत्यंत घातक असतात. कपाशीवर फवारणी करून आलेला हात टाकीत घालू नये, हे सांगायलाच हवे.

मेलेला की कात टाकलेला?

एके सकाळी टाकीत खेकडा निपचित पडलेला दिसतो आणि घरात हळहळ होते. अनेकदा ते नुसते रिकामे कवच असते. खेकड्याचे कवच वाढत नाही, त्यामुळे वाढण्यासाठी त्याला जुने टाकावे लागते. तो जुन्या कवचातील काही कॅल्शियम शोषून घेतो, पाणी पिऊन फुगतो आणि मऊ अंगाने बाहेर पडतो. तुटलेला पाय अशाच कात टाकण्यांतून पुन्हा उगवतो. नवे कवच कडक होईपर्यंत तो दुबळा असतो. या काळात त्याला लपायला दगडांची खबदाड हवी. त्याला हात लावू नये आणि टाकलेले कवचही लगेच काढू नये. अनेक खेकडे ते खातात आणि त्यातले कॅल्शियम परत मिळवतात. हर्मिट क्रॅबला याशिवाय आकाराने थोडे मोठे रिकामे शंख लागतात. ते नसतील, तर एका टाकीतले खेकडे शंखासाठी एकमेकांशी भांडतात.

खेकडा येतो कुठून?

आपल्या ओढ्यातील मादी पोटाखाली अंडी सांभाळते आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडे बाहेर येतात. समुद्री खेकड्यांचे तसे नसते. त्यांची पिल्ले आधी सूक्ष्म डिंभ म्हणून समुद्रात तरंगतात आणि अनेक रूपे बदलतात. हा टप्पा घरच्या टाकीत पार पडणे फार कठीण असते. त्यामुळे विकले जाणारे बहुतेक शोभेचे खेकडे समुद्रातूनच पकडलेले असतात. एक मेला तर दुसरा आणू, या हिशेबाचा भार समुद्रावर पडतो. टाकी सजवण्यासाठी प्रवाळ घेण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कंटाळा आला म्हणून समुद्री खेकडा एकबुर्जीच्या जलाशयात सोडणे ही सुटका नसते, गोड्या पाण्यात तो मरतो. टाकीतून काढलेले खारे पाणी झाडांना किंवा शेतात ओतू नये. जमिनीत क्षार साचले की काय होते, हे खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना विचारावे.

हाताची काळजी

टाकीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातील जिवाणू असू शकतो. हातावर ओरखडा असेल, तर तो त्वचेत शिरतो आणि काही आठवड्यांनी तिथे न भरणारी गाठ किंवा फोड दिसतो. साध्या मलमाने तो जात नाही, कित्येकदा महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात. अशी गाठ आल्यास घरी मत्स्यालय आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान त्यामुळे लवकर होते. टाकी साफ करताना लांब हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. खारट पाणी विजेचे चांगले वाहक असते. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत आणि त्या जोडणीवर गळतीचा प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवून घ्यावे.

हौस असेल, तर क्रम उलटा ठेवावा. आधी टाकी भरावी, दगड आणि फिल्टर लावावे आणि खेकड्याविना ती चालवावी. रोज तापमान व क्षारता वहीत लिहावी. एक एप्रिल आणि एक मे या नोंदी २७ अंशांच्या आणि ३५ ग्रॅमच्या आसपास राहिल्या, तर पावसाळ्यात खेकडा आणावा. नाही राहिल्या, तर नुकसान फक्त मिठाचे झाले. पहिल्या सरीनंतर ओढ्याकाठी बाहेर पडणारे आपले खेकडे पाहायला काहीच खर्च येत नाही.