शाळेच्या कपाटातला सर्व्हर

दिवाळी सरली की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब, परंडा या पट्ट्यातून बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळा चालू राहते; आईबापांबरोबर कारखान्यावर गेली तर चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडतो. चैत्राच्या सुमारास असे मूल परत येऊन वर्गात बसते, तेव्हा बाकीचे अपूर्णांक संपवून पुढे गेलेले असतात आणि हे भागाकारावर अडलेले असते. शिक्षक एक, मुले चाळीस, त्यातही कधी दोन इयत्ता एकाच खोलीत. संगणकावरच्या शिक्षणाचा खरा उपयोग कुठे होणार असेल, तर तो या मुलाला. ते जिथे थांबले तिथली खूण राखून ठेवायची आणि आल्यावर तिथूनच पुढचा धडा उघडून द्यायचा.

ही खूण राखणारे यंत्र म्हणजे सर्व्हर. शब्द भारदस्त आहे. दुकानदार त्याचा फायदा घेतो आणि बँकेला शोभेल असे धूड शाळेच्या गळ्यात मारतो. गावाने लोकवर्गणी काढलेली असते, सरपंचांनी नारळ फोडलेला असतो. म्हणून हा निवडीचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. पैसा गावाचा आहे, आणि एकदा फसलेले गाव दुसऱ्यांदा वर्गणी देत नाही.

२०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पुढे ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कल्पना उत्तमच. पण तो चौकोन मुलाला इंटरनेटच्या दारापर्यंत नेतो. दार उघडणे मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हे दार किती घरांत उघडत नाही ते सगळ्यांनी पाहिले.

साधा हिशेब करू. दहा मिनिटांचा बऱ्यापैकी स्पष्ट चित्रपाठ सुमारे ७५ एमबीचा होतो. चाळीस मुलांनी तो आपापल्या टॅबवर इंटरनेटवरून पाहिला, तर ३ जीबी ओढले जातात, आणि तेही एकाच वेळी. खेड्यातली जोडणी तिथेच मान टाकते. तोच पाठ एकदाच, रात्री किंवा तालुक्याच्या गावी, उतरवून वर्गातल्या यंत्रावर ठेवला, तर बाहेरून ७५ एमबीच लागतात. पुढची वाटणी भिंतींच्या आत होते आणि तिला रिचार्ज लागत नाही. त्यामुळे सर्व्हर शाळेतच हवा. दूरच्या शहरात भाड्याने घेतलेली जागा स्वस्त दिसते खरी, पण पावसाळ्यात तार तुटली की शाळा बसली.

आता यंत्र. चाळीस मुलांना धडे वाटायला अफाट ताकद लागत नाही. मोठ्या कार्यालयांतून निवृत्त झालेले, पुस्तकाएवढ्या आकाराचे छोटे संगणक बाजारात मिळतात; ८ जीबी मेमरी आणि एक एसएसडी असली की काम भागते. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र नको. धूळ, उन्हाळा आणि अचानक जाणारी वीज ही तिची तिन्ही शत्रू मंडळी आपल्याकडे मुक्कामालाच आहेत. रास्पबेरी पाय हे तळहातावर मावणारे यंत्र अनेकांचे लाडके आहे. ते स्वस्त आहे, वीज नाममात्र खाते. पण सारा कारभार मेमरी कार्डावर ठेवला, तर वीज जाता-येता ते कार्ड खराब होण्याची भीती असते. शिवाय त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. इंटरनेट नसेल तर यंत्र तारीख विसरते, आणि आज सोडवलेला गृहपाठ मागच्या महिन्याच्या नावावर चढतो.

विजेचा हिशेब तर आधी करावा. १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. ती पुरती रिकामी करायची नसते, म्हणून निम्मे धरावेत. छोटा संगणक आणि वाय-फायचा डबा मिळून ३५ वॅट घेत असतील, तर इन्व्हर्टरची स्वतःची भूक वजा जाऊनही शाळेचे दोन-तीन दिवस निघतात. जुना उभा डेस्कटॉप १२० वॅट खात असेल, तर एक दिवस कसाबसा. कोणी सुचवतात की जुना लॅपटॉपच सर्व्हर करावा, त्याच्या पोटात बॅटरी असतेच. सूचना चांगली आहे. फक्त मे महिन्यात बंद कपाटात कायम चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी फुगते. ती अधूनमधून पाहावी.

वाय-फायकडे मात्र कोणी बघत नाही. घरगुती राउटर पंधरा-वीस टॅबनंतर धापा टाकू लागतो आणि बोल लागतो सर्व्हरला. दोन पैसे वाचवायचेच असतील तर ते यंत्रात वाचवावेत आणि भिंतीवर उंच लावायच्या चांगल्या ॲक्सेस पॉइंटवर घालावेत.

आज्ञावलीत प्रामुख्याने दोन वाटा आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. ‘मूडल’ ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली खुले केले. त्यात शिक्षक स्वतः पाठ रचतो, चाचण्या काढतो, वही तपासतो. महाविद्यालयाला ते शोभते; पण ते रिकामे घर आहे, भांडीकुंडी शिक्षकानेच आणायची. दुसरे ‘कोलिब्री’. ते मुळात इंटरनेट नसलेल्या जागांसाठीच बांधलेले. धड्यांचे गठ्ठे पेनड्राइव्हवरून आत घेता येतात, ‘स्टोरीवीव्हर’च्या गोष्टीही मिळतात, आणि कोणते मूल कुठवर आले ते शिक्षकाला दिसते. दोन ठिकाणचे सर्व्हर एका जाळ्यावर आणले की नोंदी एकमेकांशी जुळवून घेतात. म्हणजे शाळेत एक आणि हंगामी वसतिगृहात एक असे ठेवले, तर मुलाची खूण त्याच्यामागे जाऊ शकते. प्राथमिक शाळेने कोलिब्रीच घ्यावे, असे माझे मत. मूडलची उमेद शिक्षकाला जेव्हा वाटेल तेव्हा वाटो.

एक अडचण खास आपली. शिक्षकांनी वर्षानुवर्षे मेहनतीने जमवलेल्या प्रश्नपेढ्या बहुधा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या जशाच्या तशा चढवल्या की पडद्यावर अगम्य चिन्हांची रास उमटते. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. या कामाला पैसे नाहीत, सुट्टी लागते. अंदाजपत्रकात ती कोणीच धरत नाही.

खैराट या रायगड जिल्ह्यातल्या छोट्या गावी २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हा जगभर गाजलेला प्रयोग झाला. त्या चळवळीनेही शाळेपुरता सर्व्हर ही कल्पना पुढे रेटली होती. लॅपटॉपचे कौतुक ओसरले. शाळेतच सगळे ग्रंथालय ठेवणारा डबा मात्र निरनिराळ्या नावांनी टिकून आहे. टिकतो तो कोणीतरी सांभाळला तरच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गावाबाहेर जातो. म्हणून खरेदीच्या दिवशीच एक शंभरपानी वही घालावी : पासवर्ड, कोणती तार कुठे, यंत्र अडले तर काय करायचे, सगळे मराठीत आणि हाताने लिहिलेले. सातवीच्या दोन मुलींना ते काम शिकवावे. दर शनिवारी सुटण्याआधी त्यांनी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. एक मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील, दुसरी महिन्याच्या बैठकीला केंद्रशाळेत पोचेल.