पोशाखांच्या अभिकल्पांचे विधिसंरक्षण

पोशाख, पादत्राणे, आभूषणे इ. वस्तूंच्या नव्या घाटाची वा नक्षीची, म्हणजेच अभिकल्पाची (डिझाइनची), नक्कल रोखण्याकरिता निरनिराळ्या देशांनी केलेली कायदेशीर तरतूद. पोशाख ही एकाच वेळी कलाकृती व नित्योपयोगी वस्तू असते. त्यामुळे तिला कलाकृतीचे संरक्षण द्यावे, की सामान्य मालाप्रमाणे तिची नक्कल मुक्त ठेवावी, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. त्याची उत्तरे देशोदेशी भिन्न असल्याने एका देशात बेकायदा ठरणारी नक्कल दुसऱ्या देशात राजरोस विकली जाऊ शकते.

फ्रान्समध्ये ललित कला व उपयोजित कला यांत भेद न करण्याचे तत्त्व रूढ असून, १९५२ च्या कायद्याने वेशभूषा व आभूषणे यांच्या हंगामी उद्योगांना खास संरक्षण दिले. यूरोपीय संघाच्या २००२ च्या विनियमानुसार नव्या व वैशिष्ट्यपूर्ण अभिकल्पास नोंदणीविनाही ३ वर्षे संरक्षण मिळते. मात्र ते प्रत्यक्ष नकलेविरुद्धच चालते. नोंदणी केल्यास ही मुदत कमाल २५ वर्षांपर्यंत वाढविता येते. काही महिन्यांत हंगाम संपणाऱ्या या व्यवसायास नोंदणीविना मिळणारे संरक्षण विशेष सोयीचे ठरते.

याउलट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपयुक्त वस्तूच्या घाटास लेखाधिकार म्हणजेच कॉपीराइट मिळत नाही. तेथील वेशकारांच्या संघटनेने नकला विकणाऱ्या दुकानांवर घातलेला बहिष्कार सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यांचा भंग ठरविला. वस्तूपासून वेगळी कल्पिता येणारी नक्षी लेखाधिकारास पात्र ठरू शकते, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तथापि कपड्याची बेतणी संरक्षणाबाहेरच राहिली. साहजिकच तेथील व्यावसायिकांची भिस्त बव्हंशी व्यापारचिन्हांवर असते.

भारतात अभिकल्प अधिनियम, २००० अन्वये नोंदणी केल्यास १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीयोग्य अभिकल्पाची नोंदणी केली नसेल आणि औद्योगिक प्रक्रियेने त्याच्या ५० हून अधिक प्रती काढल्या असतील, तर लेखाधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार त्यावरील लेखाधिकार संपुष्टात येतो. तयार कपड्यांच्या धंद्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच तरतुदीच्या आधारे एका वस्त्रोत्पादकाचा दावा फेटाळला.

पारंपरिक कारागिरीचा प्रश्न याहून बिकट आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घाट नवा नसतो व त्याचा कोणी एक कर्ताही नसतो. म्हणून तो वरील चौकटींत बसत नाही. भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मुख्यतः नावाला संरक्षण देते, घाटाला नव्हे; शिवाय भारतातील नोंदणीचा अंमल भारतापुरताच असतो. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यासाठी अशी नोंदणी मिळाली. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच घाटाची पादत्राणे सादर केली आणि टीकेनंतर त्यांमागील भारतीय प्रेरणा मान्य केली. याविषयीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारकांचा असून त्यांनीच पुढे यावे, असे न्यायालयाचे मत पडले. चपला घडविणाऱ्या कारागिरांच्या घाटावरील सामूहिक हक्काचा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला.