अण्णा नाईक आणि सविकल्प समाधी

मंडळी, गेल्या वेळी भरताचा रसविचार झाला तेव्हा इथल्या एका ताईंनी विचारलं, "सर, टीव्हीवरच्या मालिकेत हे कुठं दिसतं?" म्हणून आज आम्ही 'रात्रीस खेळ चाले' घेतली आहे. तिचा दुसरा भाग 2019 मध्ये झी मराठीवर सुरू झाला. भाषा मालवणी वळणाची. आपल्या पैनगंगेकाठच्या कानाला काही शब्द परकेच. तरी अण्णा नाईक म्हटल्याबरोबर किती हात वर झाले पाहा!

गंमत अशी, की 2016 च्या पहिल्या भागाची सुरुवातच अण्णाच्या मरणानं झाली होती आणि दुसऱ्या भागातली गोष्ट त्याआधीची. म्हणजे शेवट ठाऊक होता. मग लोक अडकले कशात? माणसांत.

माधव अभ्यंकरांचा अण्णा जमिनी हडपतो, बायकोला मारतो, खून करतो. पण तोच शेवंतापुढं लाळघोटा होतो. राग हा त्याचा स्थायी भाव म्हणा. त्यावरून गर्व, शंका, असूया हे व्यभिचारी भाव लाटांसारखे येतात नि जातात. ते एकमेकांना छेदतात तेव्हा पात्राला खोली येते. एकच चेहरा तीनदा जवळून दाखवून वर ढोल बडवले तर फक्त आवाज वाढतो. (ही खोड या मालिकेलाही होतीच.)

आम्हाला मात्र शकुंतला नरेंची माई अधिक मोठी वाटते. तिच्या भीतीत नवऱ्याबद्दलची ओढ मिसळलेली आहे, आणि घर मोडू नये हा हट्टही. निव्वळ सोशिक बाई उभी करणं सोपं होतं.

आता अवघड भाग. न. चिं. केळकरांनी 1921 साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात 'सविकल्प समाधी' मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःला विसरत नाही. म्हणून तर मालिकेतला खून पाहून आपण पोलिसांना फोन करत नाही. मग अण्णाची वाट पाहिली तर बिघडलं काय? काहीच नाही. पण तो बायकोवर हात उगारतो आणि आपण 'काय दरारा आहे!' म्हणतो, तेव्हा विकल्प सुटलेला असतो. तेवढ्यापुरते आपण अण्णाच्या जागी बसतो. माई समोर असून दिसत नाही. हा नटाचा दोष नव्हे. अभिनय कच्चा असता तर अण्णावर कुणी भाळलंच नसतं.

घरी माईचा एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा. अण्णा आत येतो तेव्हा तिचे हात काय करतात, तेवढंच बघा. त्यावर पुढच्या वेळी बोलू.